दगडाचा टोकन नंबर

११ नोव्हेंबर २००६ची रात्र. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीनं आकाशाच्या एकाच तुकड्याची थोड्या थोड्या वेळानं छायाचित्रं घेतली. सगळे तारे जागच्या जागी, एक ठिपका तेवढा किंचित सरकलेला. तारे असे एका रात्रीत सरकत नाहीत. म्हणजे हा आपल्याच सूर्याच्या अंगणातला कुणीतरी होता. त्याची नोंद झाली : '२००६ व्हीपी ३२'. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो दगडांपैकी हा एक. पुढं त्याला ३००१२८ हा क्रमांक मिळाला आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी नाव मिळालं : पंडितजसराज. सगळं एका शब्दात, मध्ये जागा न सोडता.

बातमी आली तेव्हा अनेकांचा समज झाला, की पंडितजींचं नाव एखाद्या ताऱ्याला दिलं. तसं नाही. ताऱ्यांना अशी नवी नावं फारशी मिळत नाहीत. त्यांची नावं वडिलोपार्जित असतात. आपली रोहिणी अरबांकडे 'अल्‌-दबरान' असते, म्हणजे मागून येणारी. कृत्तिकांच्या मागून ती उगवते म्हणून. ही नावं कुणी ठेवली, कधी ठेवली, त्याचा पत्ता नाही. लघुग्रहाचं मात्र सगळं कागदोपत्री असतं. कुठल्या दिवशी दिसला, कुणाला दिसला, नाव कधी पडलं, का पडलं. हिंदू घरात बाराव्या दिवशी बारसं होतं, आमच्याकडे सातव्या दिवशी अकीका. या दगडाचं नाव ठेवायला तेरावं वर्ष उजाडलं. इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मला त्या नावाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आधी ती '२००६ व्हीपी ३२' ही खूण वाचू. मी पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात राहतो. इथल्या माणसाला अशी खूण वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. गाडीच्या कितीतरी सुट्या भागांवर असाच ठसा असतो : कुठलं वर्ष, कुठला महिना, कितवा लॉट. इथंही तेच. २००६ हे साल. 'व्ही' हा पंधरवडा. वर्षाच्या चोवीस पंधरवड्यांना इंग्रजी अक्षरं ओळीनं वाटून दिली आहेत. जानेवारीचा पहिला पंधरवडा 'ए', दुसरा 'बी', आणि असं करत नोव्हेंबरचा पहिला 'व्ही'. 'आय' हे अक्षर वगळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. मग 'पी' आणि ३२ मिळून त्या पंधरवड्यातला अनुक्रम. पंचवीस अक्षरांचा एक फेरा, असे बत्तीस फेरे संपले म्हणजे आठशे झाले. त्यात 'पी' हे पंधरावं अक्षर मिळवा. नोव्हेंबर २००६च्या त्या पहिल्या पंधरवड्यातला हा आठशे पंधरावा दगड होता. पंधरा दिवसांत आठशे पंधरा, आणि रांग तिथंही संपली नसेल.

तर ही खूण म्हणजे टेम्पररी गेटपास. पर्मनंट टोकन नंबर मिळायचा तर अट एकच : तुमची कक्षा पक्की ठरली पाहिजे. तुम्ही सूर्यापासून किती अंतरावर फिरता, तुमची वाट किती लांबट आहे, किती कललेली आहे, आज कुठं आहात आणि दहा वर्षांनी नेमके कुठं असाल, हे गणितानं सांगता आलं पाहिजे. त्यासाठी तो दगड एकदा दिसून भागत नाही. तो सूर्याच्या उजेडाआड जातो, पुन्हा बाहेर येतो, मग पुन्हा सापडावा लागतो. असं तीन-चार वेळा, वेगवेगळ्या वर्षी घडलं की मग क्रमांक. क्रमांक मिळाल्याशिवाय नाव मिळत नाही. आमच्या पट्ट्यात 'पर्मनंट' हा शब्द लग्नाच्या बोलणीत मुलाच्या नावानंतर लगेच उच्चारला जातो. त्यामुळं खगोलशास्त्रज्ञांची ही पद्धत मला परकी वाटली नाही.

कक्षेचं एवढं महत्त्व का, ते पहिल्याच लघुग्रहानं शिकवलं. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात जुझेप्पे पियात्सी या धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाला एक सरकता ठिपका दिसला. त्यांनी तो ११ फेब्रुवारीपर्यंत अधूनमधून पाहिला. नंतर ते आजारी पडले आणि ठिपका सूर्याच्या उजेडात बुडाला. युरोपातले ज्योतिर्विद हळहळले. हाती होते जेमतेम सहा आठवड्यांचे वेध. तेवढ्यावरून संपूर्ण वाट कशी काढायची? कार्ल फ्रीडरिक गाऊस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञानं ती काढली, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०१ला, गाऊसनं सांगितलेल्या जागेजवळ तो ठिपका पुन्हा सापडला. तोच सेरेस. पियात्सींना तो दिसला आणि गाऊसमुळं तो टिकला. नुसतं दिसणं म्हणजे शोध नव्हे; जो पुन्हा सापडतो, तोच सापडला म्हणायचा.

पुढं पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले. मग १८४५पर्यंत काहीच नाही, आणि त्यानंतर एकदम रीघ. या रिघेत आपला देश कुठं येतो? १८६१मध्ये येतो, मद्रासला.

त्या साली नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ मद्रासच्या वेधशाळेत दाखल झाले. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी प्रतवारी आज जगभर वापरतात, तिचं गणितही त्यांचंच : एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पट फरक. तेव्हा कॅमेरे या कामाला आलेले नव्हते. आकाशाच्या एका तुकड्यातल्या बारीकसारीक ताऱ्यांचा नकाशा हातानं काढायचा, पुढच्या रात्री तो आकाशाशी ताडून पाहायचा, एखादा ठिपका जास्तीचा आहे का, एखादा हलला आहे का, हे डोळ्यांनी हुडकायचं. १७ एप्रिल १८६१च्या रात्री, मद्रासच्या उकाड्यात, पॉगसन यांना असा एक ठिपका गवसला. ओळखीच्या लघुग्रहांमधला तो सदुसष्टावा. तोवर नावं द्यायची ती बहुतेक ग्रीक-रोमन देवतांची. पॉगसन यांनी नाव ठेवलं 'एशिया'. या खंडातून सापडलेला पहिलाच लघुग्रह होता तो.

मद्रासमधून त्यांनी एकूण पाच शोधले. २ मे १८६४चा 'सॅफो' मला विशेष जवळचा, कारण सॅफो ही प्राचीन ग्रीसची कवयित्री. कवींच्या वाट्याला जमिनीवर फारसं काही येत नाही. तिच्या वाट्याला मद्रासच्या आकाशातून एक दगड तरी आला. १८६६च्या 'सिल्व्हिया'ला दोन चंद्र आहेत, हे आपल्या शतकात कळलं. नंतर 'कॅमिला', आणि १८८५मध्ये 'व्हेरा'.

त्याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे भारतीय सहायक होते. १८६७मध्ये त्यांनी एक रूपविकारी तारा, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा, शोधला. १८७४मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता, तर लोकांना ते समजावं म्हणून त्यांनी इंग्रजीबरोबर उर्दूसारख्या देशी भाषांतही पुस्तिका काढली. त्यांच्या ताऱ्याला मात्र नाव मिळालं नाही. रूपविकारी ताऱ्यांच्या पद्धतीप्रमाणं एक अक्षर आणि तारकासमूह, एवढंच. पद्धतच तशी, त्यात कुणाचा दोष नाही. तरी पॉगसन यांची पाच नावं वाचताना मला दर वेळी ते एक अक्षर आठवतं.

आता 'एशिया'ची वाट पाहू. म्हणजे या दगडांचं फिरणं डोळ्यांसमोर येईल. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे, त्याच्या साधारण २.४२ पट अंतरावर एशिया फिरतो. एका फेरीला पावणेचार वर्षं लागतात. १८६१पासून त्याच्या चाळीसहून जास्त फेऱ्या झाल्या. वेग सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर. नाशिक फाट्यावरून चाकणला जायला आपल्याला संध्याकाळच्या गर्दीत तास-दीड तास लागतो. एशिया जवळपास तेवढं अंतर एका सेकंदात कापतो. शिवाय त्याच्या पट्ट्यात गर्दी नाही. चित्रपटात दाखवतात तसे दगडांवर दगड आदळत नसतात. दोन दगडांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते, आणि सगळ्या पट्ट्यातला माल एकत्र केला तरी आपल्या चंद्राच्या तीन-चार टक्केसुद्धा भरत नाही. एखादा ग्रह फुटून हे तुकडे झाले, असं पूर्वी वाटायचं. आज ते कुणी मानत नाही. गुरूच्या ओढीमुळं इथं ग्रह जमलाच नाही, त्याचा हा उरलेला कच्चा माल.

गुरूची ही ओढ काय करते, ते डॅनियल कर्कवुड या अमेरिकी प्राध्यापकानं १८६६मध्ये दाखवलं. तेव्हा ओळखीचे लघुग्रह शंभरही नव्हते. त्यानं ते सूर्यापासूनच्या अंतरानुसार मांडले, तर मधेमधे ओळी रिकाम्या दिसल्या. पृथ्वीच्या अडीच पट अंतरावर अशी एक मोकळी फट आहे. आपला एशिया तिच्या थोडा अलीकडे फिरतो. फट तिथंच का? तर त्या अंतरावरच्या दगडाला एका फेरीला चार वर्षांहून किंचित कमी वेळ लागतो, आणि गुरूला लागतात जवळपास बारा वर्षं. गुरूची एक फेरी, दगडाच्या बरोबर तीन. गाण्यातला माणूस म्हणेल, तिप्पट लय. म्हणजे दर तीन आवर्तनांनी दोघांची सम एकाच जागी पडते, गुरूचा हिसका त्याच जागी बसतो, पुन्हा त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. हळूहळू दगडाची वाट लांबट होते, तो मंगळाच्या, पृथ्वीच्या वाटेत येतो आणि शेवटी पट्ट्यातून बाहेर फेकला जातो. सम जुळली की गाणाऱ्याला दाद मिळते. इथं ज्याची जुळली, त्याला बाहेरचा रस्ता.

डोळ्यांनी हुडकण्याचे दिवस १८९१च्या अखेरीस संपले. जर्मनीत माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावर पहिला लघुग्रह पकडला. दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या काचेवर तारे ठिपक्यासारखे आणि लघुग्रह बारीक रेघेसारखा उमटतो. त्याच सुमाराला आपल्या पुण्यातही चांगली वेधशाळा होती. पुढं जे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं, त्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८मध्ये ती उभी केली. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींनी पैसा दिला, म्हणून तिला त्यांचं नाव. वीस इंची आरशाची तिची दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी. जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण नायगमवालांनी सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन टिपलं. त्यांचं लक्ष प्रकाशाच्या वर्णपटांवर, लघुग्रह हा त्यांचा विषय नव्हता. १९१२मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुण्याला ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो त्यांची यादी मोठी आहे. तीत हे नाव क्वचितच ऐकू येतं.

भारताच्या भूमीवरून पुढचा लघुग्रह सापडायला 'व्हेरा'नंतर शंभरावर वर्षं जावी लागली. तमिळनाडूतल्या कावलूर इथं १७ फेब्रुवारी १९८८ रोजी आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. क्रमांक ४१३०, नाव रामानुजन. अवघं ३२ वर्षांचं आयुष्य लाभलेल्या त्या गणितज्ञाचं हे नाव म्हणजे शोधणाऱ्यांनीच केलेली निवड.

कारण नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा. क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षं तो त्याच्याकडे राहतो. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची समिती ते तपासते आणि तिचे नियम मजेदार आहेत. नाव सोळा अक्षरांच्या आत हवं, शक्यतो एका शब्दात. 'पंडितजसराज' रोमन लिपीत बारा अक्षरांचं भरतं. मध्ये जागा का नाही, ते आता कळेल. उच्चारता यायला हवं, कुणाला बोचणारं नको. राजकारणी आणि सेनानी यांना मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. हा नियम आपल्याकडच्या चौकांना आणि उड्डाणपुलांना लावला, तर महापालिकेच्या सभा किती लवकर संपतील! पाळीव प्राण्यांची नावंही नकोत. एका संशोधकानं आपल्या मांजराचं नाव दिलं होतं, 'मिस्टर स्पॉक', तेव्हापासून समिती सावध आहे. आणि कंपन्यांची, मालाची नावं अजिबात चालत नाहीत. चाकणच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना जेवढ्या पाट्या झळकतात, त्यांतली एकही तिथं लागणार नाही. पैसे घेऊन 'ताऱ्याला तुमचं नाव' असं प्रमाणपत्र विकणारे असतात, त्यांचाही या समितीशी काही संबंध नाही. हे नाव विकत मिळत नाही.

आमच्या पिंपरीचं नाव शास्त्राच्या वहीत आहे, पण ते मातीत. इथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध काढलं. औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन' म्हटलं आणि त्या जीवाचं नाव ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. लोकलनं पिंपरी स्टेशनवर रोज उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

नाव वहीत असणं आणि ओळखीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावं देतात. तिथं तीन विवरं आपल्या महाराष्ट्राची आहेत. 'जोशी' हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचं, 'झिराड' हे मुंबईच्या बेने इस्रायली डॉक्टर जेरुशा झिराड यांचं, आणि 'मेधावी' हे पंडिता रमाबाईंचं. मेधावी हे रमाबाईंचं सासरचं आडनाव. रमाबाई म्हटलं की मराठी माणूस लगेच ओळखेल. 'मेधावी' वाचून किती जण थांबतील, सांगता येत नाही.

त्या मानानं पंडित जसराज यांचं नाव अचूक बसलं. त्यांचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. दिवस, महिना, साल ओळीनं लिहा : २८-०१-३०. आता उलटीकडून या : ३०-०१-२८. हाच त्या दगडाचा क्रमांक. क्रमांक आधीच पडलेला होता, त्याच्या रांगेनं. नाव नंतर त्यावर बसवलं. मोझार्ट, बेथोव्हेन, पावारोत्ती यांची नावं पट्ट्यात होतीच. त्यांच्या शेजारी आता मेवाती घराण्याचा गवई आहे. हरियाणातल्या गावात जन्म, हैदराबादेत बालपण, मग मुंबई, व्ही. शांताराम यांचे ते जावई, त्यामुळं मराठी घरांना ते परके कधी नव्हतेच. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवानं त्यांना कितीदा डोक्यावर घेतलं! ज्या घराण्याचं गाणं ते गात, ते घग्गे नझीर खाँसाहेबांचं. वैष्णवांची पदं आणि अल्लाच्या दयेची भैरवातली बंदिश एकाच गळ्यातून यायची, आणि दोन्हींत सारखीच आर्तता असायची. समितीच्या सोळा अक्षरांत घराणं मावत नाही. मी मात्र ते नाव वाचताना नझीर खाँसाहेबांचंही मनातल्या मनात वाचतो.

आज आठ लाखांहून जास्त दगडांना पक्के क्रमांक आहेत. नावं आहेत सुमारे पंचवीस हजारांना, म्हणजे शंभरांतल्या तिघांना. बाकीचे नुसत्या क्रमांकावर फिरतात. मला त्यांची कीव येत नाही. क्रमांक त्यांनी कमावलेला आहे. पुन्हा पुन्हा ठरल्या जागी हजर राहून कमावलेला. मला खटकतात ते एकदा दिसून हरवलेले, ज्यांची कक्षा ठरण्याइतके वेध कुणी घेतलेच नाहीत, ज्यांच्या हाती फक्त गेटपास राहिला. चाकणच्या फाट्यावर सकाळच्या पाळीला कंत्राटी पोरांची रांग लागते. अकरा महिने इथं, मग दुसऱ्या गेटवर, नवा पास, नवा ठेकेदार. त्यांतल्या कित्येकांना आठ-आठ वर्षं झाली आहेत आणि टोकन नंबर अजून मिळालेला नाही. ती रोज ठरल्या जागी हजर असतात. वेध घेणारं कुणी नसतं.

पंडितजसराज साध्या डोळ्यांना दिसत नाही, हौशी माणसाच्या छोट्या दुर्बिणीतूनही नाही. आमच्या पट्ट्यातल्या दिव्यांच्या झगमगाटात तर तारेच मोजके उरले आहेत. पट्ट्यातल्या दगडाला एका फेरीला साधारण सव्वातीन ते सहा वर्षं लागतात. नाव जाहीर झालं तेव्हा पंडितजी नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. १७ ऑगस्ट २०२०ला न्यूजर्सीत ते गेले, त्या वेळी त्यांच्या नावाच्या दगडाची नव्या नावानिशी पहिली फेरीसुद्धा पुरी झालेली नव्हती.